सांबऱ्याहून मुंबई: हवेतले किलोमीटर आणि घड्याळातले तास

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय, "बेळगाव ते मुंबई विमानाचं अंतर किती आणि वेळ किती लागतो? एके ठिकाणी ४०० किलोमीटर आणि ३५ मिनिटं दिसतात, तिकिटाच्या साइटवर एक तास दहा मिनिटं. खरं काय? भावाचं दुपारी ४ ला मुंबईहून दुबईचं विमान आहे. त्याच दिवशी बेळगावहून विमानानं गेला तर जमेल का?"

ताई, आधी आकडा देतो, मग बाकीचं. बेळगावचा सांबरा विमानतळ ते मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४०४ किलोमीटर आहे. तिकिटावर दिसणारा वेळ साधारण १ तास ५ मिनिटं ते सव्वा तास. पण भावासाठी विचाराल तर तुम्ही सांबऱ्याला येऊच नका, उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ बघा. आणि ४ च्या दुबईसाठी त्याच दिवशी सकाळी लवकरचं विमान मिळत नसेल तर आदल्या रात्रीच मुंबईला निघा. मी बेळगावात तिकिटांच्या धंद्यात केस पांढरे केलेत. किलोमीटर चुकले म्हणून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. होतं ते मधल्या वेळा हिशोबात न धरल्यानं.

हे ४०४ कुठून आले, ते घरी कागदावर काढता येतं. सांबरा आहे १५.८६ उत्तर अक्षांश आणि ७४.६२ पूर्व रेखांशावर. मुंबई विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक ३.२३ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, तो कुठेही जवळजवळ तेवढाच असतो. म्हणजे उत्तरेकडे ३५९ किलोमीटर झाले. रेखांशातला फरक १.७५ अंश, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाल तसा आखडत जातो. आपल्या पट्ट्यात, म्हणजे साडेसतरा अंशांच्या आसपास, तो १०६ किलोमीटर भरतो. म्हणजे पश्चिमेकडे १८६ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस काढा: ३५९ चा वर्ग अधिक १८६ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर ४०४. पृथ्वी गोल आहे म्हणून मोठ्या पल्ल्याला हे गणित घसरतं, पण चार-पाचशे किलोमीटरच्या पल्ल्याला दोन-चार किलोमीटरच्या वर फरक पडत नाही. म्हणून एका साइटवर ४०२ आणि दुसरीवर ४०५ दिसलं तर घोळ समजू नका. त्यांनी विमानतळाचा बिंदू थोडा इकडेतिकडे धरलेला असतो. काही साइटवाले तर विमानतळ सोडून गावाचा मध्य धरतात. मग बेळगाव किल्ल्यापासून मोजलं की सांबऱ्यापासून, यातच दहाएक किलोमीटर निघून जातात.

रस्त्यानं हेच अंतर पी. बी. रोड (पुणे-बंगळूर हायवे) आणि एक्स्प्रेसवे धरून पाचशेच्या आत-बाहेर जातं. विमानाला खंबाटकी चढायचा नसतो आणि खंडाळाही उतरायचा नसतो, म्हणून शंभरेक किलोमीटर वाचतात.

आता ३५ मिनिटांचं बघू. ते कुणी मोजलेलं नाही, ४०४ ला ताशी ७०० नं भागलेलं आहे. विमान जागेवरून उठताच ७०० च्या वेगानं पळायला लागतं असं धरलं तरच हे बरोबर. तसं घडत नाही. छोटं जेट वर पोचल्यावर ताशी ८०० च्या आसपास जातं हे खरं, पण १०,००० फुटांच्या खाली वेगाला २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. चारशे किलोमीटरच्या पल्ल्यात निम्मा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो. वर सरळ धावायला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तुम्ही पाण्याचा पेला हातात घेता तोवर सीटबेल्टची खूण परत लागते, ती यामुळेच. शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गानं, बिंदूमागून बिंदू घेत जातं, आणि मुंबईजवळ तर चांगलाच वळसा घेतं. मुंबईला बहुतेक दिवस विमानं पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूनं येऊन समुद्राकडे तोंड करून उतरतात. बेळगावचं विमान येतं दक्षिणेकडून. त्याला आधी पूर्वेला जाऊन मग वळून रांगेत लागावं लागतं. ४०४ चे ४४० इथेच होतात.

तिकिटावर जो वेळ छापतात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. सांबऱ्याला विमान जागेवरून हललं तिथपासून मुंबईत ठरलेल्या जागी चाकं थांबली तिथपर्यंतचा हा वेळ. सांबऱ्याला दार लागल्यापासून पाच-सात मिनिटांत विमान वर असतं, पुढे कुणी नसतंच. मुंबईत मात्र दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी धरायची एकच, आणि दिवसाला नऊशेच्या वर विमानं ये-जा करतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खडेबाजारात गाडी घालावी तसं ते उतरणं असतं. जागा नसली की विमानाला वरच घिरट्या घालायला लावतात. ठरावीक घिरटी साधारण ४ मिनिटांची असते. तीन घातल्या की बारा मिनिटं गेली. उतरल्यावर विमान जमिनीवरून सरकत जागेवर पोचायला आणखी दहा-पंधरा मिनिटं.

कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून त्या छापील वेळेतच थोडा जास्तीचा वेळ धरून ठेवतात. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान सरकारी हिशोबात वेळेवरच धरलं जातं. त्यामुळे पन्नास मिनिटांत होणाऱ्या फेरीला सव्वा तास छापला की कंपनीची आकडेवारी गोरीगोमटी दिसते. "आज विमान वीस मिनिटं आधी पोचलं" म्हणून लोक कौतुक करतात. त्या दिवशी घिरट्या घालाव्या लागल्या नाहीत, एवढंच झालेलं असतं.

विमान कुठलं आहे यानंही वेळ बदलतो. बुकिंग करताना विमानाचं नाव बारीक अक्षरांत दिलेलं असतं, ते वाचा. एटीआर म्हणजे पंख्याचं विमान, ७२-७८ आसनांचं, वेग ताशी ५०० च्या आसपास. एम्ब्राएर हे छोटं जेट, ५० किंवा ७६ आसनी. एअरबस मोठं. एटीआर हळू असतं आणि कमी उंचीवरून जातं, त्यामुळे पावसाळ्यात हादरे जास्त. हृदयाचा पेशंट नेणाऱ्यांना मी हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मधेच घाबरतात. विमानाला धोका काही नसतो, पोटात खड्डा पडतो एवढंच.

आता तुमच्या निपाणीचं. सांबऱ्याला यायचं तर तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, वंटमुरी घाट, काकती, मग शहराच्या कडेनं गांधीनगरपाशी उतरून सांबरा रोडला लागायचं, मुतगे ओलांडायचं, तेव्हा कुठे विमानतळ. ८०-८५ किलोमीटर होतात. उलट दिशेला कोगनोळीचा टोल, दूधगंगा ओलांडली की कागल, पुढे गोकुळ शिरगाव आणि उजळाईवाडी. ३५ किलोमीटर धरा. कोल्हापूर शहरात शिरावंही लागत नाही. फक्त कागल-सातारा सहापदरीकरणामुळे कधी कुठे गाडी बाजूच्या रस्त्याला काढतील याचा नेम नसतो, म्हणून अर्धा तास जास्त ठेवा.

कोल्हापूर विमानतळ ते मुंबई सरळ अंतर ३०९ किलोमीटर. बेळगावपेक्षा पंच्याण्णव किलोमीटर कमी, पण हवेत त्यानं वाचतात फक्त दहाएक मिनिटं, आणि तिकिटावर कधी कधी तीही दिसत नाहीत, कारण मुंबईतली घिरटी दोघांनाही सारखीच. रस्त्यावर मात्र पन्नास किलोमीटर वाचले की तास वाचला. म्हणून मी गिऱ्हाइकाला विमानाच्या किलोमीटरवरून विमानतळ निवडू देत नाही, घरापासूनच्या रस्त्यावरून निवडायला लावतो.

आपल्या भागात हे उलटंपालटं आहे. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, पण तिथल्या माणसाला सांबरा निम्म्याहून जवळ. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, पण तुमचा विमानतळ कोल्हापूर. खानापूरवाल्याला देशातल्या देशात सांबराच बरा. आखातात जायचं असेल तर त्यानं गोव्याचाही विचार करावा, तिथून आखाताकडे थेट विमानं आहेत. हद्दीवरून आमच्याकडे दोन पिढ्या भांडणं चालली आहेत, पण विमानाचं तिकीट काढायला आलेला माणूस हद्द विसरून सरळ टोलची पावती मोजतो.

गोव्याचं म्हणाल तर तिथे विमानतळ दोन. जुना दाबोळी नौदलाचा, दक्षिणेकडे. मोपा नवा, उत्तरेकडे पेडण्यात, जानेवारी २०२३ पासून चालू. दोन्हींच्या तिकिटांवर "गोवा"च लिहिलेलं असतं. कोड वेगळे: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. तिकीट मोपाचं आणि गाडी दाबोळीला, असं होऊन बसतं. सावंतवाडीकडून जाणाऱ्याला मोपा सोयीचा, मडगावात काम असेल त्याला दाबोळी. चोर्ल्यातून जाणार असाल तर पावसाळ्यात रस्त्याची हालत आधी कुणाला तरी विचारून घ्या.

मुंबईचंही आता तसंच झालंय. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि त्याच डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. सांबऱ्यापासून नवी मुंबई सरळ रेषेत वीसेक किलोमीटरनं जवळ, ३८५ च्या आसपास. पण या दोन विमानतळांमधलं रस्त्याचं अंतर ३५-४० किलोमीटर आहे, आणि मुंबईत त्याला सहज दीड-दोन तास खाल्ले जातात. भावाचं दुबईचं विमान कुठून आहे आणि कोल्हापूरचं विमान कुठे उतरतं, हे दोन्ही कोड शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

जुन्या विमानतळाचेही दोन टर्मिनल आहेत. टी-१ सांताक्रुझच्या बाजूला, टी-२ सहारला. परदेशी विमानं टी-२ वरून सुटतात. देशातलं विमान टी-१ ला उतरलं तर बाहेर पडून, सामान घेऊन, रस्त्यानं चारेक किलोमीटर जावं लागतं. ऐकायला काही नाही. संध्याकाळी एक्स्प्रेस हायवेच्या गर्दीत मात्र त्या चार किलोमीटरला पाऊण तास लागलेला आहे.

४ च्या विमानाचा हिशोब उलटा करत या. दुबईच्या विमानाला चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, काहींचा सव्वा तास. पण इमिग्रेशनची रांग, तपासणी, गेटपर्यंतची पायपीट धरून माणूस १ वाजता टी-२ च्या दारात पाहिजे. त्याआधी विमानातून उतरणं, सामान मिळणं आणि टर्मिनल बदलणं यांना दीड तास. म्हणजे देशातलं विमान साडेअकराला मुंबईत लागलेलं हवं. त्यात उशिराची जागा निदान दोन तास ठेवा. म्हणजे साडेनऊला पोचणारं विमान हवं. सांबऱ्याहून असेल तर ते सव्वाआठला सुटणार, काउंटर सव्वासातला बंद, आणि निपाणीहून निघायचं पहाटे साडेचारला. कोल्हापूरहून तेवढं लवकरचं विमान त्या वारी असेल तर ठीक. नसेल तर हट्ट धरू नका. लहान गावांची विमानं रोज असतीलच असं नाही, काही आठवड्यातल्या ठरावीक वारीच असतात. वेळापत्रक वर्षातून दोनदा पूर्ण बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ऑगस्टात बघितलेली वेळ नोव्हेंबरला लागू धरू नका.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिकीट एक की दोन. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असतील तर पहिलं विमान उशिरा झाल्यास पुढची सोय कंपनीनं करायची, आणि सामानही बहुतेक वेळा शेवटच्या गावापर्यंत परस्पर जातं. वेगवेगळी तिकिटं काढली तर दुबईच्या कंपनीला कोल्हापूरच्या विमानाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही काउंटरवर नसाल तर 'आला नाही' असं लिहून मोकळे. पैसे गेले, आणि नव्या तिकिटाला त्या दिवशीचा भाव.

वेगळ्या तिकिटांत दुसरं एक दुखणं असतं, ते लोकांना काउंटरवर गेल्यावरच कळतं. आखाताच्या तिकिटावर २५-३० किलो सामान चालतं. देशातल्या तिकिटावर १५. खानापूरकडचा एक गवंडी कुवेतला निघाला होता. काट्यावर बॅग ठेवली तर २७ किलो. वरच्या किलोंना प्रत्येकी पाचशेच्या पुढे मागितले. त्यानं तिथेच फरशीवर बॅग उघडली. वर कपडे, खाली आईनं दिलेली चटणी, कांदा-लसूण मसाला, दोन बरण्या लोणचं आणि कुंद्याचे पाच डबे. शर्टावर शर्ट चढवला, जाकीट घातलं, कुंदा सोडायला आलेल्या मेव्हण्याच्या हातात दिला. तरी पाच किलो जास्तच. लोणचं काही त्यानं सोडलं नाही, पैसे भरले. तेव्हापासून दुबई-कुवेतचं वेगळं तिकीट काढणाऱ्याला मी आधी वजन विचारतो, तारीख नंतर.

तुमच्या भावाला म्हणून माझा सल्ला: रात्रीच्या स्लीपरनं जाऊ दे. निपाणीला हायवेवरच गाड्या मिळतात, पहाटे सहा-सातपर्यंत मुंबईत. किंवा कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. कुर्ल्याला नाहीतर अंधेरीला कुणाकडे तरी अंघोळ-नाष्टा करून दुपारी १ ला टर्मिनलवर. सामानाला वजनकाटा नाही, आणि उशीर झाला तरी हातात सहा तास. विमानानंच जायचं असेल तर दुबईच्याच कंपनीचं किंवा तिच्याशी जोडलेल्या कंपनीचं एकच तिकीट मिळतं का बघा, त्यासाठी दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

वेळेचा आणखी एक घोळ दुबईच्या तिकिटावर होतो. दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या घड्याळाप्रमाणे छापतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून ४ ला सुटून ५:४० ला दुबई, असं दिसलं की लोक म्हणतात एक तास चाळीस मिनिटांत पोचतो. खरा प्रवास ३ तास १० मिनिटांचा, अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. परत येताना तोच प्रवास कागदावर ४ तास ४० मिनिटांचा दिसतो.

बेळगाव शहरातल्या माणसाला मुंबईचं विमान परवडतं का, हेही नेहमी विचारतात, तर तेही सांगतो. टिळकवाडीहून सांबरा पाऊण तास, विमानतळावर दीड तास आधी, विमान सव्वा तास, सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास, दादरपर्यंत टॅक्सी तासभर. बेरीज पाच तास. बसनं दहा-अकरा. म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास वाचतात, पण बसचे दहा तास रात्री झोपेत जातात, हेही धरायला हवं. काम अंधेरी-विलेपार्ल्यात असेल आणि संध्याकाळी परत यायचं असेल तर विमान. खारघर-पनवेलला लेकीकडे जायचं असेल तर बस दारात सोडते.

बंगळूरचं गणित जवळजवळ असंच. सांबरा ते देवनहळ्ळी, म्हणजे बंगळूरचा विमानतळ, सरळ ४४५ किलोमीटर, एटीआरनं एक तास दहा ते पंचवीस मिनिटं. पण देवनहळ्ळीहून शहराच्या मध्यातलं मॅजेस्टिक ३५-४० किलोमीटर, आणि बंगळूरच्या वाहतुकीबद्दल मी काय सांगावं. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत चालू झाली, ती साडेआठ तासांत थेट मॅजेस्टिकसमोरच्या स्टेशनात सोडते. हैदराबाद ४३४ किलोमीटर. हा मार्ग पूर्व-पश्चिम असल्यामुळे वाऱ्याचा फरक इथे जाणवतो: ताशी ५०० नं जाणाऱ्या विमानाला ४० चा समोरचा वारा लागला तर ५२ मिनिटांची ५७ होतात. पुणे सरळ ३१२ किलोमीटर, रस्ता ३४० च्या आसपास. इथे विमान फिरून शोधण्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं. दिल्ली मात्र वेगळी. १,४३५ किलोमीटर, थेट विमानाला अडीच-पावणेतीन तास, आणि गोवा एक्स्प्रेसला दीड दिवस. सांबऱ्याचा खरा फायदा तिथे आहे. हा विमानतळ १९४२ चा, दुसऱ्या महायुद्धातला. पण धावपट्टी २,३०० मीटर केली आणि २०१७ मध्ये नवं टर्मिनल झालं म्हणून तर एअरबस उतरायला लागल्या. सांबरा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवा विरळ. उन्हाळ्याच्या दुपारी भरल्या विमानाला उडायला जास्त धाव लागते, ती लांबी त्यासाठीच हवी होती.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, सकाळचं विमान वेळेवर धरू नका. आमच्याकडे ढग अगदी खाली येतात, सांबऱ्यावर धावपट्टी दिसली नाही तर विमान उतरत नाही, दुसरीकडे वळवतात. मुंबईत त्याच दिवसांत पाऊस असतो. दोन्हीकडे आभाळ साफ असण्याचा योग कमी.

उशीर झाला किंवा विमान रद्द झालं तर हक्काचं काय मिळतं, ते तिकिटावरच्या वेळेवरून ठरतं. ब्लॉक टाइमचा हा एक उपयोग फारसा कुणाला माहीत नाही. विमान रद्द झालं, वेळेत कळवलं नाही आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर परताव्याशिवाय भरपाई मिळते. ब्लॉक टाइम तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, तास ते दोन तास असेल तर ७,५००, त्यापुढे १०,०००. किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे छापील वेळ ५५ मिनिटं की ६५ मिनिटं, यावर गट बदलतो. अडीच तासांपर्यंतच्या विमानाला दोन तास उशीर झाला की चहा-नाष्टा द्यावा लागतो, मागून घ्या, आपणहून कोणी हातात आणून देत नाही. उशीर सहा तासांच्या पुढे गेला तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. पाऊस, धुकं, हवाई नियंत्रणानं थांबवणं यांना भरपाई नाही, आणि आमच्याकडची निम्मी रद्द विमानं त्याच खात्यात जातात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण परतीचं आताच ठरवा. दुबईहून रात्री सुटणारी विमानं मुंबईला मध्यरात्रीनंतर उतरतात. तेव्हा इमिग्रेशनला रांग असते, सामानाला वेळ लागतो, तरी पहाटे चार-पाचपर्यंत भाऊ बाहेर असेल. त्या दिवशी दुपारचं कोल्हापूर विमान असेल तर मधे सात-आठ तास मिळतात, ते धरायला हरकत नाही. पण सामान ३० किलो असणार, म्हणून १५ किलोचं वाढीव वजन तिकीट काढतानाच ऑनलाइन विकत घ्या, काउंटरवर भरण्यापेक्षा स्वस्त पडतं. विमान नसेल तर सकाळी पावणेनऊच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कोयना एक्स्प्रेस आहे, रात्री कोल्हापूर. कोल्हापूर स्टँडवरून निपाणीची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते मात्र तुमच्या निपाणी डेपोत विचारून ठेवा, नाहीतर गाडी घेऊन कुणाला तरी न्यायला पाठवा.